ठरावाला नाव कोणाचं

पाच वर्षं माझं काम एकच होतं. लोकांना सांगायचं, सभेला या आणि हात वर करा.

ग्रामपंचायतीवर मी निवडून आले ती बायकांच्या राखीव जागेवर, नव्वदीच्या मध्यावर केव्हातरी. निवडून आले असं आपलं म्हणायचं, कारण आमच्या वॉर्डात दुसरा अर्जच आला नव्हता. सासऱ्यांनी अर्ज आणला, नवऱ्याने भरला, मी सही केली. सासऱ्यांना हौस होती, पण जागा बाईची होती. नवरा रोज सकाळी जीपने आसनगावला आणि तिथून गाडीने वाशिंदच्या कारखान्यात जायचा, संध्याकाळी परत यायचा. उरले ती मी. माझं माहेर मुरबाडच्या बाजारपेठेतलं. मुरबाडला रेल्वे नाही, पण एस.टी. स्टँड आहे, तहसील कचेरी आहे, आणि तेवढ्या बळावर मी स्वतःला शहरातली समजत असे. सासरी आल्यापासून भातलावणीच्या चिखलात मला कोणी शहाणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे हे मेंबरपण मला चांगलंच मानवलं.

शहापूरला पंचायत समितीच्या सभागृहात आम्हा नव्या मेंबरबायकांचं दोन दिवसांचं शिबिर झालं. तिथल्या बाईंनी सांगितलं, गावात कुठलं काम आधी घ्यायचं हे सरपंच ठरवत नाही, ग्रामसभा ठरवते. ज्याला मत आहे त्याला सभेत हात आहे. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खरं मानलं. बाकीच्या बायका तेवढ्या वेळात बांगड्यांच्या दुकानात जाऊन आल्या. पुढे त्यांना माझ्यापेक्षा कमी त्रास झाला.

आमच्याकडे ग्रामसभा कशी व्हायची ते सांगते. आदल्या दिवशी पंचायतीचा शिपाई थाळी वाजवत दवंडी द्यायचा. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं की पोरं खाऊ घेऊन घरी आणि माणसं शेतावर. सभेला पुरेशी माणसं नाहीत म्हणून सभा तहकूब. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला माणसांच्या संख्येची अट नसायची. मग सरपंच, दोन मेंबर, रेशन दुकानदार आणि ग्रामसेवक एवढे मिळून वर्षभराच्या कामांची यादी करायचे. नंतर शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या आणायचा. सही करणाऱ्याला वाटायचं, रॉकेलची सही असेल. मी मेंबर झाल्यावर पहिल्या वर्षी हे सगळं पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मी सरपंचांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मेंबरबाय, तुमी आणा ना मानसं. आमी कुठं नाय म्हंतो?"

माझ्या वॉर्डात गावातली तीस-चाळीस घरं आणि ओढ्यापलीकडचा डोंगराच्या अंगचा पाडा होता. पाड्यातली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची ती वैशाखातच परत यायची. म्हणजे सव्वीस जानेवारीच्या सभेला पाडा रिकामा, एक मेच्या सभेलाही बहुतेक रिकामाच. त्यांना सापडणारी सभा एकच, पंधरा ऑगस्टची, आणि कामांची यादी नेमकी त्याच सभेत व्हायची. मी ठरवलं, पाडा सभेला आणायचा.

आठवड्यातून एकदा मी वर जायची. बायका भाताचं आवण, म्हणजे रोपं, खणून परत आलेल्या, पाय धुऊन बसलेल्या असायच्या. मी सांगायची, मताचा हक्क पाच वर्षांतून एकदा, पण सभेचा हक्क दरवर्षी. त्या ऐकून घ्यायच्या. पाहुणी बोलतेय तर बोलू दे, असा तो ऐकण्याचा प्रकार. एकदा मी म्हटलं, चला, सवय करून बघू. ज्यांना भाकरीपेक्षा भात आवडतो त्यांनी हात वर करा. एकही हात वर नाही. मी म्हटलं, अगं, रोज भात खाता आणि आवडत नाही? एकजण म्हणाली, "आवडतो गो. पन कोनी पयला करील तं आमी करू ना." सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या वेळी मला ते हसण्यावारी नेण्यासारखंच वाटलं.

त्याच वर्षी श्रावणात पाड्यातला एक म्हातारा गेला. आमच्या गावाची मसणवट गावाच्या खालच्या अंगाला होती आणि तिथे पत्र्याची शेड होती. पाड्याची मसणवट ओढ्याच्या वरच्या काठाला, उघड्यावर. ओढा भरला की पाड्याला गावाच्या शेडपर्यंत येता येत नसे, आणि ओढा कोरडा असतानाही कोणी आणत नसे. ही आपली, ती तुमची, असं जुनं चालत आलेलं होतं. कायद्यात ते कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणूनच ते मोडायला सापडत नव्हतं. म्हाताऱ्याच्या वेळेला सलग चार दिवस पाऊस होता. लाकडं ओली. चौघांनी ताडपत्री धरली, ती भोकांनी गळत होती. रॉकेल संपलं, जुना टायर टाकला. दोनदा विस्तव विझला. शेवटी जे उरलं ते तिथेच खड्ड्यात पुरावं लागलं. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं आणि जेवण गेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, पावसाळ्यात त्यांच्याकडे असंच होतं. मला त्यांचाही राग आला आणि आपण लग्न होऊन सात वर्षं इथे राहतोय, आपल्याला हे माहीत नव्हतं, याचाही.

महिन्याभराने त्या म्हाताऱ्याची बायको माझ्या ओट्यावर येऊन बसली. काटक बाई, सत्तरीची असेल. करवंदाच्या दिवसांत अजूनही टोपली घेऊन मुरबाडच्या बाजाराला जायची. चहा प्याली. कप धुऊन उपडा ठेवला. मग म्हणाली, "बाय, तू सांगतस का सभंत मागल्याबिगर काय भेटत नाय. खरा का?"

मी म्हटलं, "खरं आहे आजी."

"मंग आमाला त्या जागंवर छप्पर मागून दे. त्याचा झाला तसा माजा नको व्हाया. सुकी जळू दे मना."

असं कोणी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. गावातली माणसं येऊन म्हणायची, गटार, दिवाबत्ती, कोपऱ्यावरचा नळ. ही बाई स्वतःच्या सरणावर छप्पर मागत होती, आणि तेही दूध-साखर मागावी तितक्या साधेपणाने. मी म्हटलं, आजी, पुढच्या ऑगस्टच्या सभेत हे काम यादीत पहिलं लावते. मी असा शब्द दिला. माझ्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, हे तेव्हा मला नीट माहीत नव्हतं.

पुढच्या आषाढात मी एक चूक केली. मला वाटलं, नुसतं बोलून भागायचं नाही, कागद हवा. मी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला, पाड्यासाठी स्मशानशेड बांधून मिळावी. शाईचा पॅड घेतला आणि घरोघर जाऊन अंगठे घेतले. विचारलं त्यांना सांगितलं, तुमच्या पाड्याच्या कामाचा अर्ज आहे. कसलं काम ते कोणी विचारलं नाही, मीही घाईत होते, आभाळ भरून आलं होतं. एका दिवसात कागद निळ्या अंगठ्यांनी भरला. मी खुशीत तो नेऊन ग्रामसेवकाला दिला. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. भाऊसाहेबांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "यांना वाचून दाखवलंत?"

मी म्हटलं, "त्यांना हवीच आहे शेड."

चार दिवसांनी पाड्यातल्या एका पोराला ताप भरला आणि शाळेत जाणाऱ्या कोणीतरी पंचायतीत तो अर्ज वाचून त्यात काय लिहिलंय ते घरी सांगितलं. दुपारी पाड्यातल्या बायका माझ्या दारात. पुढे असलेली ओरडत होती, "मसनाच्या कागदावर आमचे आंगठे लावलेस? आमची नावा दिलीस तिथं?" मग मला कळलं. शेड सगळ्यांना हवी होती, पण त्या जागेसाठी ज्याचं नाव आधी लागेल त्याला ती जागा आधी बोलावते, हे पाड्यात लहान पोरालाही ठाऊक होतं. फक्त मेंबरबाईंना ठाऊक नव्हतं. मी त्यांना समजावू लागले की असं काही नसतं. त्यांनी मला समजावलं की पोराला ताप आहे.

कागद परत आणला. आता त्याचं करायचं काय, हा प्रश्न होता. फाडायचा तर अंगठे फाटतील. जाळायचा तर अंगठे जळतील, आणि कसल्या कागदावरचे अंगठे जळतील याचा विचार करा. पुरायचा तर त्याहून वाईट. पाड्यातला भगत शहाणा माणूस होता. तो म्हणाला, ज्याने लावला त्याने आपल्या हाताने वाहत्या पाण्यात धुवावा. मग ओढ्याच्या कडेला दगडावर तो कागद पसरला आणि एकेक माणूस येऊन आपला अंगठा चोळून धुऊन गेला. मी कागदाचे कोपरे धरून बसले होते. कोणाचा अंगठा कुठला हे मला सांगता आलं नसतं, पण प्रत्येकाला आपला बरोबर सापडत होता. म्हातारी सगळ्यांच्या शेवटी आली. तिने पाण्यात बोट बुडवलं, एकदा फिरवलं आणि उठली. तिचा अंगठा अर्धा तसाच राहिला. मी म्हटलं, "आजी, राहिला थोडा."

"राहू दे," ती म्हणाली.

संध्याकाळी पोराचा ताप उतरला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या गोळ्या त्याने सकाळीच घेतल्या होत्या, पण श्रेय ओढ्याला गेलं.

एवढं होऊनही पंधरा ऑगस्टला पाडा सभेला आला. हे कसं झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा म्हातारी घरोघर फिरली होती. माझी त्यांना थोडी दयाही आली असेल. सकाळी मी निघताना माझी तीन वर्षांची मुलगी पायाला मिठी मारून बसली होती. तिला सोडवून घेत सासूबाई म्हणाल्या, "सभंत काय बोलायचा ता बोल. पन त्या जागंला आपला नाव लावू नको. घरात लेकरू हाय." मी म्हटलं, तुम्हीसुद्धा काय, आणि चप्पल घालून निघाले.

शाळेच्या वर्गात सभा भरली. गावाची माणसं बाकांवर, पाड्याची जमिनीवर. पहिल्यांदाच सभा तहकूब झाली नाही, म्हणून सरपंच जरा गोंधळलेले दिसत होते. यादीत पहिल्या जागेसाठी दोन कामं होती. पहिलं, गावाच्या वेशीवर कमान. शेजारच्या गावाने आदल्या वर्षी कमान केली होती आणि तेव्हापासून आमच्या गावाला आपलं नाक कापल्यासारखं वाटत होतं. दुसरं, पाड्याची स्मशानशेड, ती मी तोंडी सांगून ऐन वेळच्या विषयांत घालायला लावली होती.

ठराव मांडला की त्याला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक, म्हणजे ठराव मांडणारा आणि त्याला पाठिंबा देणारा. दोघांची नावं वहीत लिहायची, मग हात मोजायचे. कमानीचा विषय वाचला तशी चार माणसं एकदम म्हणाली, माझं नाव लिहा. शेवटी गावचे जुने पोलीसपाटील सूचक झाले. सगळ्यांत वडील तेच, त्यामुळे बाकीच्यांना माघार घ्यावी लागली.

मग भाऊसाहेबांनी दुसरा विषय वाचला. वाचून चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "सूचक कोण?"

वर्गात माणसं भरलेली होती, पण आवाज फक्त कौलांवरच्या पावसाचा. पाड्याची माणसं जमिनीकडे बघत होती. बाकांवरचे खिडकीबाहेर. भाऊसाहेबांनी पुन्हा विचारलं, "सूचक कोण? नाव सांगा, नाहीतर विषय पुढे जाणार नाही." आणि ते माझ्याकडे बघू लागले. साहजिकच होतं. विषय माझा होता, वॉर्ड माझा होता, शब्द मी दिलेला होता.

माझं तोंड उघडलं नाही. मी खोटं सांगत नाही, मी प्रयत्न केला. मनात म्हटलं, तू दहावी पास आहेस, तू मुरबाडची आहेस, तुला हे मान्य आहे का? मान्य नव्हतं. तरी डोळ्यांसमोर वहीतली ती ओळ आली, स्मशानशेड, सूचक, आणि पुढे माझं पूर्ण नाव. आणि पायाला मारलेली ती मिठी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ त्या बाकावर कळला. मी हातातल्या वहीचं पान उलटलं, जणू काही शोधते आहे.

जमिनीवरून म्हातारी उठली. उठताना गुडघ्यावर हात टेकला. "माजा लिवा," ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी तिचं पूर्ण नाव विचारलं. तिने सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, लाजत, आणि पाड्यातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. भाऊसाहेबांनी ते सावकाश लिहिलं. मग म्हणाले, "अनुमोदक?"

भाऊसाहेब पुन्हा माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा वहीत.

"त्योबी मीच," म्हातारी म्हणाली.

"दोन्हीकडे एकच नाव चालत नाही, आजी."

"का नाय? दोन दोन येळा थोडीच मरनार हाय."

वर्ग हसला. हसू ओसरलं तरी नाव काही आलं नाही. विषय बुडणार असं दिसू लागलं. सरपंचांनी वही पुढे ओढायला हात घातला, तेवढ्यात बाकावरून जुने पोलीसपाटील म्हणाले, "माजा लिवा."

भाऊसाहेब म्हणाले, "बाबा, तुमचं नाव कमानीला आहे."

"तितंबी ऱ्हाऊ दे. कमान येनाऱ्याला. जानाऱ्याला काय करायचा?" मग म्हणाले, "हिचा घरवाला माज्या बांधावर जल्मभर राबला. त्याचा काय झाला ता म्या ऐकलाय. लिवा तुमी."

नावं लागली. आता फक्त हात उरले होते, आणि हातांना नाव नसतं. भाऊसाहेब म्हणाले, शेडला ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करा, आणि पाड्याच्या सगळ्या बायकांनी, सगळ्या पुरुषांनी एकदम हात वर केले. कोणी तरी पहिलं केलं होतं ना. गावातलेही आठ-दहा हात वर झाले. भाऊसाहेबांनी मोजले, खात्रीसाठी पुन्हा मोजले आणि चमकले. दुसऱ्या मोजणीत एक हात वाढला होता. ते म्हणाले, माझंच चुकलं असेल मघाशी, आणि दुसरा आकडा लिहिला. त्यांचं चुकलं नव्हतं. पहिल्या मोजणीत माझा हात खाली होता.

कमान दुसऱ्या नंबरवर गेली. पायऱ्यांवर लोक माझं अभिनंदन करत होते. म्हातारी छत्री उघडत माझ्याजवळ आली. मला वाटलं, ती आभार मानेल, आणि मी ते कुठल्या तोंडाने घेऊ असं झालं. ती म्हणाली, "बाय, हात वर कराया तू शिकवलास. पयला कोनी कराचा ता नाय शिकवलास." रागाने नाही म्हणाली. राहिलेलं काम दाखवावं तसं म्हणाली. मला त्यापेक्षा तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. घरी जाऊन मी मुलीला इतकी घट्ट धरली की ती रडायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात शेड उभी राहिली. चार खांब, वर पत्रा, खाली चौथरा. आणि मग सगळा पाडा, सगळं गाव वाट बघत बसलं. कोणी बोलत नव्हतं, पण सूचक कोण आणि अनुमोदक कोण हे सगळ्यांच्या लक्षात होतं. म्हातारीला साधं शिंकायची सोय राहिली नाही. बाजाराच्या जीपमध्ये ती आणि पोलीसपाटील भेटले की त्यांचं ठरलेलं बोलणं व्हायचं. ते विचारायचे, "काय गो, अजून हायस?" ती म्हणायची, "सूचक मी हाय, पन मान गावाचा. तुमी आधी." ते म्हणायचे, "मेल्याबिगर सरग दिसत नाय म्हंतात. तू जा, बघ, नं मना सांग." जीपमधली माणसं हसत, आणि मी खिडकीबाहेर बघत बसे.

दोन पावसाळे गेले. दोघंही ठणठणीत. तिसऱ्या पावसाळ्यात पाड्यातला एक पन्नाशीचा माणूस काविळीने गेला आणि शेड पहिल्यांदा वापरली गेली. वाईट झालं, त्याची बायको माझ्या ओळखीची होती. पण तेराव्यापर्यंत पाड्याने हिशेब लावला होता. ठराव झाला त्या दिवशी हा माणूस सभेला आलाच नव्हता. मुरबाडच्या बाजाराला गेला होता. ज्यांनी नाव लावलं ते जिवंत, ज्यांनी हात वर केले ते जिवंत, आणि जो सभेला नव्हता तोच आधी गेला.

त्या पंधरा ऑगस्टला वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. पाडा आला, गाव आलं, ज्यांनी कधी रजिस्टरवर खरी सही केली नव्हती ते आले. आजारी माणसांना पोरांनी धरून आणलं. सभा व्हरांड्यात न्यावी लागली. गटाराच्या ठरावाला सूचक होण्यासाठी दोघांची बाचाबाची झाली. मी पाच वर्षं घसा कोरडा करून सांगितलं त्याने जे झालं नाही ते एका काविळीने झालं. शहापूरच्या शिबिरातल्या बाईंना हे कळवावं असं मला वाटलं होतं, पण कुठल्या शब्दांत कळवणार. भाऊसाहेबांनी वहीत एवढंच लिहिलं, सभेस ग्रामस्थांनी उत्स्फूर्त उपस्थिती दर्शविली.

माझी मुदत संपली. दोन हजार सालानंतर नवऱ्याने वाशिंदला स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या, मुलीची शाळा, त्याची ड्युटी, सगळंच सोपं झालं. तिथेही ग्रामपंचायतच होती, पण माणसं स्वतःला शहरातली समजत. मी त्यांना हसू शकत नव्हते, मीही तशीच होते. पाण्याची टाकी, कचरा, जिन्यासमोरचा रस्ता यावरून रोज कुरकुर, आणि सभेला चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "वहिनी, आमचं नाव गावाला आहे." कोणाचं साताऱ्याकडे, कोणाचं जळगावकडे. ते तिकडे मत द्यायला जात नसत आणि इकडे त्यांना हात नव्हता. मी मजला दर मजला फिरून त्यांना म्हणायची, जिथे पाणी भरता तिथे नाव लावा. तलाठी कार्यालयातून फॉर्म आणून द्यायची. आणि आपण सांगतो ते आधी आपण करावं म्हणून मी माझं नाव सासरच्या यादीतून कमी करून वाशिंदला लावून घेतलं. एवढी तरी गोष्ट मी कोणाच्या आधी केली, याचं मला समाधान होतं.

काही वर्षांनी श्रावणात सासऱ्यांचा फोन आला, पाड्यातली म्हातारी गेली. मी पहिली गाडी पकडून आसनगावला उतरले, तिथून जीपने. पाऊस धो धो होता. आमच्या गावात बायका मसणवटीत जात नाहीत, पाड्यात जातात. मी पाड्याच्या बायकांबरोबर ओढ्याच्या वरच्या काठाला गेले. पत्र्यावर पावसाचा इतका आवाज होता की कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नव्हतं. पण चौथरा कोरडा होता. लाकडं सुकी होती, तिच्या मुलाने ती वैशाखापासून घरात माळ्यावर ठेवली होती, तिनेच तसं सांगून ठेवलं होतं. विस्तव पहिल्या काडीला लागला. पाऊस थांबला नाही आणि विस्तव विझला नाही. दुपारपर्यंत ती पूर्ण, नीट, सुकी जळली. मी इतकी रडले की शेजारच्या बाईने मला धरलं. तिला वाटलं असेल, मेंबरबाईचा जीव होता म्हातारीवर. जीव होताच. पण तेवढंच नव्हतं.

जुने पोलीसपाटील काठी टेकत आले होते. नजर गेली होती, कान शाबूत होते. पाऊस जरा उतरल्यावर ते म्हणाले, "थेंब पडतोय कुठं तरी." खरंच, एका कोपऱ्याचा पत्रा वाऱ्याने सरकला होता आणि तिथून धार लागली होती. चौथऱ्याच्या कडेला पडत होती, सरणावर नाही. ते म्हणाले, "ता नीट कराया पायजे. आता पुढला मीच हाय. पंधरा ऑगस्टच्या सभंत घ्या." मग सवयीने म्हणाले, "सूचक कोन?"

मी त्याच क्षणी हात वर केला. कोणाकडे न बघता, विचार न करता. "माझं नाव लावा बाबा," मी म्हटलं. इतकी वर्षं तो हात उचलायचा राहिला होता.

त्यांनी आवाजावरून मला ओळखलं. जरा हसले. "बाय, तुजा नाव आता हितं कुठं हाय? तू वाशिंदची झालीस ना."

पलीकडे म्हातारीची नातसून उभी होती, कडेवर दीड वर्षाची पोर. तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "माजा लिवा."

मी हात खाली घेतला.